वाजून गेलेला कान

संगीताच्या मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या मुलीला चाकणमध्ये नोकरी कोण देणार, असा प्रश्न प्राजक्ताच्या सासरी सगळ्यांना पडला होता आणि खरं सांगायचं तर तो तिलाही पडला होता. पण चाकण मोठं दिलदार आहे, तिथे कोणाचंही काहीतरी होऊन जातं. गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीने तिला ट्रेनिंग विभागात घेतलं, आणि नव्या पोरांना हेल्मेटचा पट्टा कसा आवळायचा हे शिकवण्यात तिचे दिवस जाऊ लागले. मग कधीतरी प्लांट हेडच्या कानावर गेलं की या बाईंना आवाजातलं काहीतरी कळतं. त्यांनी तिला बोलावून दोरीचं काम सोपवलं.

दोरी म्हणजे असेंब्ली लाइनच्या डोक्यावरून जाणारी पिवळी दोरी. कुठे शिलाई चुकली, बोल्ट बसेना, की कामगाराने ती ओढायची. ओढली की वर दिवा लागतो, लाइनभर एक धून वाजते आणि सुपरवायझर धावत येतो. जुनी धून इतकी किरटी होती की ती वाजवून मदत मागण्यापेक्षा चुकीचा बोल्ट ठोकून द्यावा असं पोरांना वाटायचं आणि पोरं तसंच करायची. प्लांट हेडना नवी धून हवी होती. तिने कानाला टोचू नये, कुठल्याही गाण्याची आठवण देऊ नये, पण ऐकल्यावर माणसाने हातातलं ठेवून वळून बघावं.

अशी एक धून प्राजक्ताकडे होती, आणि तिथेच सगळं चुकलं.

ती धून विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतली. संगीत मानसशास्त्राची प्रयोगशाळा हे नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात भिंतींना काळा स्पंज चिकटवलेली एक खोली, दोन खुर्च्या, हेडफोन आणि विभागप्रमुख विजयश्री मॅडम एवढाच तिचा पसारा. मॅडमनी ती धून स्वतः हार्मोनियमवर बसून बांधली, कशासारखीही वाटू नये म्हणून घासूनपुसून घेतली आणि मग तिचा शेवट कापून टाकला. खुर्चीत बसलेल्या माणसाला ती अर्धवट धून ऐकवायची आणि सांगायचं, आता पुढचं तुम्ही गुणगुणा. प्रत्येकजण पुढचं वेगळं गुणगुणायचा. मात्र तोच माणूस कितीही दिवसांनी परत आला तरी स्वतःचा शेवट सोडत नसे. मॅडम त्या शेवटाला ‘घर’ म्हणत. याचं घर असं, तिचं घर तसं. रेकॉर्डिंगवर नाव नसलं तरी घरावरून माणूस ओळखू यायचा.

खोलीत एक नियम होता. ती धून फार वेळा ऐकलेल्या माणसाचं मत धरायचं नाही, कारण त्याचा कान वाजून गेलेला असतो. आणि सगळ्यात आधी वाजून जातो तो संशोधकाचा कान. “काही ठरवायचं असेल तर कोरा कान आणा, तुमच्या कानाला कोण विचारतंय?” असं मॅडम इतक्यांदा म्हणायच्या, की पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांचीच नक्कल करायची. त्यात सगळ्यात हुबेहूब नक्कल स्वप्नालीची.

स्वप्नाली प्राजक्ताची जिवाभावाची मैत्रीण. दापोडीला रुळांच्या कडेच्या गल्लीत तिचं घर होतं, आणि तिची आई अंबूबाई तिथून कंपन्यांमधल्या एकट्या पोरांना डबे पुरवायची. धून घरी न्यायची नाही असाही एक नियम होता, तो या दोघींनी पहिल्याच आठवड्यात मोडला. गॅसजवळ अंबूबाई भाकरी थापायची आणि या दोघी कॉटवर मांडी घालून आपापलं घर गुणगुणायच्या. माझंच चांगलं, तुझं कसलं, म्हणून उशा फेकून भांडायच्या. मध्येच लोकल गेली की सगळ्यांनी गप्प बसायचं, गेली की भांडण पुढे चालू.

पुढे अनुदान संपलं, प्रयोगशाळा बंद झाली आणि त्या खोलीत परीक्षा विभागाची टेबलं रचली गेली. मॅडम निवृत्त होऊन साताऱ्याला गेल्या. स्वप्नालीला तळेगावला एका कंपनीत नोकरी लागली आणि तिथून स्कूटीवर परत येताना ती कंटेनरखाली गेली. फोनचा चुरा झाला. पर्स तेवढी धड राहिली. त्यात कंगवा, डबा आणि दम्याचा पंप.

तेराव्याला अंबूबाईने प्राजक्ताला बाजूला घेतलं. “तुमच्या त्या खोलीत लेकीचा आवाज असंल ना गं? म्हणायच्या की तुमी त्या यंत्रात. मला येकडाव ऐकव. माझ्यापाशी तिचा फोटू हाय, आवाज न्हाई.”

आवाज नव्हता. खोली बंद होताना सगळी रेकॉर्डिंग्ज पुसायची असं खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला वचन दिलेलं होतं, आणि ते काम प्राजक्तानेच केलं होतं. तिने तसं सांगितलं. अंबूबाई नुसती “बरं” म्हणाली. रडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर प्राजक्ताला सोपं गेलं असतं. ते “बरं” तिच्या छातीत रुतून बसलं आणि त्यानंतर दापोडीचा पूल आला की ती बसच्या दुसऱ्या बाजूला बघायला लागली.

तर ती धून दोरीला लागली. पहिले काही दिवस सगळे खूश. पोरं न लाजता दोरी ओढू लागली, चुकीच्या सीटा कमी झाल्या, प्लांट हेडनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. अर्धवट धून माणसाला स्वस्थ बसू देत नाही, त्याला वळायलाच लागतं, हे प्राजक्ताने त्यांना ऐटीत समजावूनही सांगितलं. पण अशी अर्धवट गोष्ट दिवसभर ऐकवली तर माणूस ती कुठेतरी पुरी करणारच, हे शहाणीच्या लक्षात आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत हात धुवायच्या रांगेत ती उभी होती. पुढे बिहारची पोरं, मग ओडिशाची, मग परभणीकडची, शिलाई विभागाच्या बायका. सगळे आपापल्या नादात, कोणी फोनमध्ये, कोणी साबणात. आणि सगळे गुणगुणत होते. नळाच्या आवाजात आधी ते कळलंच नाही. मग धून तुटते तिथे आली, आणि तिथे न तुटता पुढे गेली. ती संथपणे खाली उतरली, एक पायरी अडखळल्यासारखी झाली आणि पाय पसरून जमिनीवर बसली. सगळ्यांची एकदम. एकही सूर मागेपुढे नाही. मग रांग एक पाऊल पुढे सरकली आणि कोणीतरी टॉवेल मागितला.

माणूस तितकी घरं, हे प्राजक्ताने वर्षानुवर्षं मोजलं होतं. इथे एवढ्या माणसांचं एकच घर होतं, आणि ते तिच्या ओळखीचं होतं. तिचं स्वतःचं घर वर होतं, मध्ये एक श्वास घेऊन उंच चढणारं आणि तिथेच लटकून राहणारं. रात्रंदिवस ती तेच तर गुणगुणायची. हे खाली बसणारं तिचं नव्हतं. हे दापोडीतल्या कॉटवरचं होतं. दुसऱ्या उशीकडचं.

“स्वप्ना,” ती मोठ्याने म्हणाली. पुढच्या बाईने वळून बघितलं.

त्यानंतर तिला ते जिथेतिथे ऐकू यायला लागलं. पार्किंगचा वॉचमन, ज्याने लाइन आतून कधी पाहिली नव्हती, तो फाटक लावताना तेच खाली उतरून बसणारं गुणगुणायचा. एका सोमवारी नवी पोरं भरती झाली. दोरी दाखवायच्या आधी, अजून हेल्मेटही वाटायची होती, तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी खिडकीबाहेर बघत गुणगुणली. प्राजक्ताने विचारलं, हे कुठे ऐकलंस? मुलगी गोंधळली. “मी कुठे काय म्हटलं, मॅडम?”

लाइनचा सुपरवायझर साहेबराव म्हाळुंग्याचा, जमिनी गेल्यावर कंपनीत लागलेल्यांपैकी. तो एकदा तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. “मॅडम, ती धून बदला. पोरं पार कावल्यात. घरी गेली तरी त्येच, झोपंत बी त्येच. माझी मालकीण आधी मला वरडायची, ह्ये काय लावलंय म्हून. आता ती बी म्हनती, भांडी घासताना. तिनं कंपनी बघितली बी न्हाई.” तो जरा थांबला. “आन् म्हनताना तिचं त्वांड परक्या बाईवानी दिसतं.”

प्लांट हेडनी विषय ताणला नाही. येत्या रविवारी कंपनीचा कुटुंब दिन, कामगारांच्या घरची माणसं लाइन बघायला येणार. तो झाला की सोमवारपासून साधा बीप.

रविवारपर्यंतच काय ते होतं, आणि प्राजक्ताच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. स्वप्नालीचं घर कोणत्याच यंत्रात उरलेलं नव्हतं, आणि आता ते कसं कोण जाणे शेकडो गळ्यांत जाऊन बसलं होतं. सोमवारनंतर तिथूनही ते विरून जाणार. अंबूबाईला ते एकदा ऐकवता आलं तर? भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्या “बरं”ला द्यायला आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काहीतरी होतं.

तिने आधी दिग्विजयला गाठलं. तोही त्याच खोलीतला, आता काळेवाडीत कानाची यंत्रं विकतो. दुकानात एक आजोबा यंत्र लावून आपल्याच टाळ्या ऐकत बसले होते. त्यांना वाटेला लावून दिग्विजयने तिचं सगळं ऐकून घेतलं.

“तू ओळखलंस की स्वप्नाचं आहे?”

“हो.”

“कशावरून?”

“ऐकून.”

“वा! तुझा कान केव्हाच वाजून गेलाय. माझाही. मला विचारशील तर मला कोणाचंच आठवत नाही, माझं स्वतःचंसुद्धा. मी म्हणून बघतो, काही येतच नाही.” तो हसला, पण ते हसू काही फार टिकलं नाही. “त्या बिचाऱ्या बाईला उगाच आशा लावू नकोस राव. आधी कोरा कान आण, मग बोल.”

“अंबूकाकूंचाच कान कोरा आहे. त्यांनी दोघींचं ऐकलंय, पण आपल्यासारखं हजारदा नाही.”

“मग त्यांना आधी काही सांगू नकोस. काय ऐकायचंय तेही नाही. मॅडमच्या पद्धतीने कर.”

त्या संध्याकाळी पुनावळ्याच्या घरी ती कणीक मळत होती आणि नवरा, गणराज, बाल्कनीतले कपडे काढत होता. “तू परत डॉक्टरांकडे जाऊन ये,” तो म्हणाला. “गुणगुणताना मध्येच दम लागल्यासारखा श्वास घेतेस. आधी नव्हतं हे.” डॉक्टरांचं तपासून झालं होतं, छाती लख्ख होती. चाकणची धूळ, दुसरं काय, असं म्हणून तिने कणकेला तेलाचा हात लावला.

रविवारी ती अंबूबाईला दापोडीहून रिक्षाने घेऊन आली. इतक्या वर्षांनी तोंड दाखवलं म्हणून बोलणी खायची तयारी होती, पण अंबूबाईने तिचा गाल कुरवाळला आणि नवी चप्पल काढून पायात घातली, एवढंच. वाटेत म्हणाली, “कुणाच्या कंपनीत कुणी मला पाहुणी म्हणून नेलं न्हाई बघ. स्वप्नी म्हणायची, नेते नेते. ऱ्हायलंच ते.” प्राजक्ता बाहेर बघत राहिली. सांगायचं नाही म्हणजे नाही.

कंपनीला जत्रेची कळा आली होती. दारात गुलाबपाणी, शेडला पताका, पोरांना फुगे. कामगार आपल्या बायकांना आपापलं मशीन दाखवत होते आणि बायका मशीनपेक्षा शेजारच्या मशीनवरच्या पोरीकडे जास्त बघत होत्या. साहेबरावने घोषणा केली, आता आपण पाहुण्यांना दोरी वाजवून दाखवू. कोणाच्या तरी कडेवरच्या छोकरीने दोरी ओढली. दिवा लागला.

धून वाजली आणि तुटली.

मग सगळ्या लाइनने ती पुरी केली. कोणी हसत होतं, कोणी बायकोला काहीतरी सांगत होतं, त्यांचे चेहरे चालूच होते आणि त्यांच्या खालून तो आवाज येत होता, उतरत, एका पायरीवर अडखळत, बसत. या खेपेला बायकांनीही म्हटलं. ज्यांनी धून जन्मात पहिल्यांदा ऐकली त्यांनीही. कडेवरच्या छोकरीने अंगठा तोंडात ठेवून म्हटलं.

प्राजक्ता अंबूबाईचा चेहरा बघत होती. तो आधी कोरा होता. मग डोळे बारीक झाले आणि चेहरा एकदम उजळला. प्राजक्ताचं रडू फुटायच्या बेतात आलं. मिळालं, तिला वाटलं, एकदाचं दिलं मी.

“अगं बया,” अंबूबाई म्हणाली, “हे तर तुझं!”

“काय?”

“तुझंच की गं प्राजे. तुमी दोघी कॉटवर बसून म्हणायच्या, त्यातलं तुझं. हळूहळू खाली यायचीस आन् मधी येका जागी जराशी अडकायचीस. स्वप्नी हसायची न्हाई का? म्हणायची, प्राजीचं घर तळमजल्याला, माझं गच्चीवर. इसरलीस व्हय? एवढ्या लोकांला तू शिकवलंस?”

प्राजक्ताला हसू आलं, ते मोठ्या माणसांच्या चुकीला येतं तसं. तिने अंबूबाईला बाहेर आणलं, कॅन्टीनमागच्या कडुनिंबाखाली बाकावर बसवलं. “काकू, तुमची गल्लत होतेय. ते स्वप्नाचं. माझं वेगळं आहे, बघा, माझं असं.”

आणि तिने गुणगुणलं. धून तुटते तिथपर्यंत आली, एक श्वास घेतला आणि वर चढली.

अंबूबाईच्या हातातला चहाचा कागदी कप खाली पडला. ती ओरडली नाही. दोन्ही हात पुढे करून तिने प्राजक्ताच्या हनुवटीला धरलं, मग गळ्याला, हलक्या हाताने, आत कोण आहे ते चाचपून बघावं तसं.

“पुन्हा,” ती म्हणाली.

“काकू...”

“पुन्हा म्हण.”

प्राजक्ताने म्हटलं. श्वास आपोआप आला, तिने घेतला नाही. आता तिला तो ऐकू आला, बारीक शिट्टी असलेला, अपुरा. असा श्वास तिने जन्मात कधी घेतला नव्हता आणि असा श्वास कॉटवर तिच्या कानाजवळ हजारदा घेतला गेला होता.

“दम लागायचा तिला,” अंबूबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “वर चढायच्या आधी थांबावं लागायचं. मी म्हणायचे, कशाला येवढं वर जातीस, प्राजीवानी खाली बस की. ऐकायची न्हाई. माय गं... अस्संच. अगदी अस्संच.”

प्राजक्ता मनातल्या मनात दिवस मागे मोजायला लागली. केव्हापासून? रेकॉर्डिंग्ज पुसताना? तेराव्याला? तिने कोणत्या दिवशी आपलं म्हणून हे उचललं आणि स्वतःचं कुठे ठेवलं? मॅडम घसा फोडून सांगत होत्या, तुमच्या कानाला कोण विचारतंय. शेडमधून कुणीतरी पुन्हा दोरी ओढली. धून वाजली, तुटली, आणि शेकडो गळ्यांनी प्राजक्ताचं घर तिच्या डोळ्यांदेखत म्हटलं. तिने घाईघाईने त्यांच्याबरोबर म्हणायचा प्रयत्न केला. खाली, खाली उतरायचं, एवढं सोपं, समोर ऐकू येत होतं. गळा वरच चढला. उद्या सकाळी तिथे साधा बीप लागणार होता. मग ते कुठे उरणार? दिग्विजयसारखंच होणार होतं, म्हणून बघायचं आणि काही येतच नाही.

“काकू, मला माझं येत नाहीये,” ती म्हणाली. तिला लहान पोरासारखं रडू येत होतं. “काकू, मला माझं म्हणता येत नाहीये.”

अंबूबाईने ते ऐकलं असेल किंवा नसेल. ती तिच्या तोंडाकडे बघत होती, इतक्या मायेने की प्राजक्ताला मान वळवता येईना.

“पुन्हा म्हण, राणी,” अंबूबाई म्हणाली. “येकडाव.”

प्राजक्ताने म्हटलं. मग पुन्हा. नाही म्हणायला तिच्याकडे तोंडच नव्हतं, आणि थांबायचं म्हटलं तरी आता ते थांबत नव्हतं. प्रत्येक वेळी तो श्वास जास्त लांबत गेला, शिट्टी वाढत गेली, छातीवर कुणी हळूच बसावं तसं वाटायला लागलं. बाकाची कड तिने घट्ट धरली. तोंड उघडं पडलं.

अंबूबाईने लगबगीने पिशवीत हात घातला. रुमाल, बसचं तिकीट, देवाचा अंगारा बाजूला सारून तिने तळातून निळा पंप काढला. इतकी वर्षं तो तिने जवळ बाळगला होता. साडीच्या पदराने पुसला, टोपण काढलं, आणि रोज करत असल्यासारखा सराईतपणे प्राजक्ताच्या ओठांना लावला.

“घे,” ती म्हणाली. “तुला किती येळा सांगितलं, पर्समधी ठेवत जा म्हणून.”

पंप केव्हाच रिकामा झालेला होता. प्राजक्ताने तो ओढला आणि तिला बरं वाटलं.